पर्यावरणासाठी झटणाऱ्या सामाजिक उद्योगांसाठी धोरण कसं बदलून घ्यायचं: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

जुन्या वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारी सहकारी संस्था, कचरावेचकांची संघटना, रहिवाशांच्या सामाईक मालकीचा सौरप्रकल्प, नापीक जमिनीवर झाडं जगवणारा गट. यांच्या कामाचे दोन परिणाम एकाच वेळी होतात: निसर्गावरचा ताण हलका होतो आणि एरवी ज्यांना कोणी कामावर घेत नाही त्यांच्या हाताला काम मिळतं. नफा झालाच तर तो पुन्हा कामातच घातला जातो. अशा संस्थांना आपण सामाजिक उद्योग म्हणतो. पण एका कामाचे दोन परिणाम मोजायची सोय सरकारी कारभारात क्वचितच असते. पर्यावरण खात्याला रोजगार हा आपला विषय वाटत नाही, समाजकल्याण खात्याकडे कचऱ्याच्या टनांसाठी रकाना नसतो, आणि उद्योग खात्याच्या लेखी तुम्ही फार लहान असता.

पुनर्वापराच्या क्षेत्रातल्या एका संस्थेसाठी खरेदीचा नियम बदलून घेताना ही सगळी वाट मी चालले आहे. वाटेत ज्या गोष्टी कोणी आधी सांगत नाही, त्या इथे क्रमानं मांडते. देश वेगळा असेल, कायदे वेगळे असतील, क्रम मात्र बहुतेक हाच राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर आधारलेलं आहे. "सामाजिक उद्योगांना पाठबळ द्या" अशी मागणी करू नका. तिला कोणी नकार देत नाही आणि तिच्यातून हाती काही लागतही नाही. नियमातली एक ओळ शोधा, ती कशी बदलायला हवी ते लिहून न्या, आणि ती बदलेपर्यंत त्याच ओळीचा पाठपुरावा करा.

## १. नेमकं कुठे अडतंय ते कागदावर आणा

गेल्या वर्षभरात तुमच्या संस्थेचं काम जिथे जिथे अडलं त्या प्रसंगांची यादी करा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: 'नाही' कोणी म्हटलं, कशाच्या आधारावर म्हटलं, आणि त्यामुळे काय बुडालं. मधला रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. "नियमात बसत नाही" हे वाक्य तोंडी ऐकायला मिळतं. नियमाचा क्रमांक विचारला की बोलणं थांबतं. म्हणून तो लेखी मागा. तुमच्याकडे माहिती अधिकाराचा कायदा असेल तर त्याखाली अर्ज करा. पर्यावरणाच्या बाबतीत तर हा हक्क आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेला आहे. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याचं दहावं तत्त्व माहिती, सहभाग आणि न्याय या तिन्हींबद्दल बोलतं. त्याच धाग्यावर १९९८ चा आर्हुस करार आणि लॅटिन अमेरिका व कॅरिबियन देशांसाठी २०१८ चा एस्कासू करार झाला. तुमचा देश यांपैकी एखाद्या करारात असेल तर अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

उत्तरं आली की अडथळे चार थरांत विभागता येतात: कायदा, कायद्याखालचे नियम, परिपत्रक, आणि नुसती पडून गेलेली प्रथा. चौथ्या थराकडे नीट लक्ष द्या. निविदेतली जाचक अट बऱ्याचदा कुठल्याच नियमात नसते. कोणीतरी जुन्या निविदेचा नमुना उचलून तारखा बदललेल्या असतात. तिथे विधिमंडळापर्यंत जायची गरजच नाही. त्या विभागाच्या प्रमुखाला एक पत्र आणि दुरुस्त केलेला नमुना, एवढ्यावर काम होऊ शकतं.

विषय म्हणून पाहिलं तर अडचणी साधारण पाच ठिकाणी सापडतात: कायदेशीर ओळख, कच्चा माल, बाजार, मजुरी आणि भांडवल. यातला 'माल' नवख्यांच्या लक्षात येत नाही. पुनर्वापर करणाऱ्या संस्थेला चांगल्या स्थितीतली वस्तू दाबयंत्रात जायच्या आधी हाती लागायला हवी. अनेक ठिकाणी वस्तू एकदा 'कचरा' म्हणून नोंदली गेली की परवानाधारकाशिवाय कोणाला तिला हात लावता येत नाही, आणि परवाना मोठ्या कंत्राटदाराकडे असतो. अशा वेळी अनुदान कितीही मिळालं तरी दुरुस्तीच्या टेबलावर काही येतच नाही.

## २. कुठल्या खात्याकडे काय मागायचं ते ठरवा

स्वतंत्र खातं किंवा महामंडळ काढा अशी मागणी फार लवकर सुचते. तिच्या मागे लागू नका. नवं खातं येईपर्यंत वर्षं जातात, आणि आल्यावर त्याच्याकडे ना पैसा असतो ना अधिकार.

त्यापेक्षा तुमच्या कामाचे दोन परिणाम वेगळे करा आणि प्रत्येकाची किंमत त्या त्या खात्याकडे मागा. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात 'क्रिंगविंकल' नावानं चालणाऱ्या पुनर्वापर केंद्रांचं जाळं आहे. तिथल्या कचरा व्यवस्थापन संस्थेनं पुनर्वापरासाठी दरडोई किलोंमध्ये उद्दिष्ट ठेवलं, एका टप्प्यावर ते माणशी ५ किलो होतं, आणि केंद्रांना मान्यता देण्याची व्यवस्था त्याच्याशी जोडली. दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांना कामावर ठेवण्याचा भार मात्र रोजगार आणि सामाजिक अर्थव्यवस्था (सहकारी संस्था, सामाजिक उद्योग यांचं क्षेत्र) सांभाळणाऱ्या बाजूनं उचलला गेला. वस्तू वाचल्याचा हिशेब एकीकडे, माणूस कामाला लागल्याचा दुसरीकडे, आणि केंद्र एकच.

इटलीनं वेगळा मार्ग घेतला. १९९१ च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्यानं सामाजिक सहकारी संस्थांचे दोन प्रकार केले. 'ब' प्रकारच्या संस्थेत किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतले असावे लागतात. त्यांच्यापोटी मालकानं भरायचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता माफ होतो. शिवाय ठरावीक रकमेपर्यंतची कामं स्थानिक संस्था अशा सहकारी संस्थांशी थेट करार करून देऊ शकतात. उद्यानांची देखभाल आणि कचरा संकलन या कामांत अशा संस्था मोठ्या संख्येनं आल्या. मूळ कायदा सामाजिक धोरणाचा, पण पर्यावरणाच्या कामाला त्यानं माणसं आणि संस्था दोन्ही पुरवल्या.

तुमच्या यादीतला अडथळा पर्यावरणाच्या बाजूचा आहे की रोजगाराच्या ते ठरलं की अर्धा गोंधळ मिटतो.

## ३. एक ओळ निवडा

इथे घाई करू नका. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त परिणाम खरेदीच्या नियमांतून होतो. अनुदान एका अर्थसंकल्पात येतं आणि पुढच्यात जातं. कंत्राट मिळालं तर संस्था काम करून पैसे मिळवते, आणि तिची बाजू मांडायला तिचं कामच पुरेसं असतं. म्हणून आधी निविदेतल्या अटी वाचा. मागता येण्यासारख्या ओळी साधारण अशा असतात.

उलाढालीची अट. छोट्या संस्था सगळ्यात जास्त इथेच बाद होतात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशानं (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमानं) यावर मर्यादा घातली: बोली लावणाऱ्याकडून मागायची किमान वार्षिक उलाढाल कंत्राटाच्या अंदाजित किमतीच्या दुपटीहून जास्त ठेवायची नाही, ठेवायचीच तर तसं सबळ कारण हवं. मागायला इतकी सोपी आणि नाकारायला इतकी अवघड ओळ दुसरी नाही.

कामाचे तुकडे. अख्ख्या शहराचं एकच कंत्राट काढलं की छोटी संस्था आपोआप बाहेर पडते. त्याच निर्देशात अशी तरतूद आहे की मोठं काम भागांत विभागलं नाही तर का विभागलं नाही याची कारणं द्यावी लागतात. तुम्ही सक्ती मागत नसता, फक्त कारण मागता. त्यामुळे विरोध कमी होतो.

राखीव कंत्राटं. वर सांगितलेल्या निर्देशाचं २० वं कलम काही कंत्राटं वंचितांना काम देणाऱ्या संस्थांसाठी राखून ठेवायची मुभा देतं, पण संस्थेतले किमान ३० टक्के कर्मचारी अपंग किंवा वंचित गटांतले असायला हवेत. स्पेननं २०२२ च्या कचरा कायद्यात पुढचं पाऊल टाकलं: वापरलेले कपडे, फर्निचर यांच्या संकलनाच्या आणि प्रक्रियेच्या सरकारी कंत्राटांतली किमान ५० टक्के रक्कम सामाजिक रोजगार देणाऱ्या संस्थांसाठी राखीव ठेवायची. ब्राझीलमध्ये २००७ च्या कायद्यानं कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना निविदेशिवाय काम देण्याची वाट मोकळी केली. २०१० च्या राष्ट्रीय घनकचरा धोरणानं तर या संस्थांना सोबत घेऊन वर्गीकृत संकलन करणाऱ्या नगरपालिकांना केंद्राच्या निधीत प्राधान्य दिलं. ही दुसरी तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे नगरपालिकेचा स्वतःचा फायदा संस्थेच्या फायद्याशी जोडला गेला.

उत्पादकांकडून येणाऱ्या पैशातला वाटा. वस्तू बनवणाऱ्यानं तिच्या शेवटापर्यंतची जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व आता बऱ्याच देशांत आहे. त्यापोटी कंपन्या जे पैसे भरतात ते सहसा पुनर्चक्रीकरणाच्या, म्हणजे वस्तू मोडून तिच्यातला कच्चा माल परत काढणाऱ्या, कारखान्यांकडे जातात. फ्रान्सनं फेब्रुवारी २०२० च्या कायद्यानं वीजउपकरणं, कपडे, फर्निचर अशा काही वस्तूगटांत या जमा रकमेचा किमान ५ टक्के हिस्सा पुनर्वापराच्या निधीसाठी बाजूला काढायला लावला. सामाजिक अर्थव्यवस्थेतल्या संस्था त्याच्या लाभार्थी आहेत. इथे सरकारी तिजोरीतून काही जात नाही, त्यामुळे वित्त खात्याचा नेहमीचा आक्षेप येत नाही.

देयकाची मुदत. ही ओळ साधी वाटते, पण मजुरी दर महिन्याला द्यावी लागते आणि सरकारी बिल सहा-सहा महिने अडकतं तेव्हा चांगली संस्था त्यातच बंद पडते. युरोपात २०११ च्या निर्देशानुसार सरकारी संस्थांना सर्वसाधारणपणे ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं. दुसरं काहीच मिळत नसेल तर हे तरी मिळवा.

ओळ निवडलीत की तिच्यातल्या क्रियापदाकडे पाहा. ब्रिटनच्या २०१२ च्या सामाजिक मूल्य कायद्यानं सार्वजनिक सेवा खरेदी करताना सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय हिताचा 'विचार करणं' बंधनकारक केलं. ते महत्त्वाचं पाऊल होतं. पण विचार करून बाजूला ठेवायची मोकळीकही त्याच शब्दात होती, आणि पुढे सरकारी पातळीवर मूल्यांकनात सामाजिक मूल्याला ठरावीक गुण देण्याची पद्धत आणावी लागली. म्हणून मसुद्यात 'विचार करावा', 'प्रोत्साहन द्यावं', 'शक्य तिथे' हे शब्द आले तर त्यांच्या जागी आकडा किंवा मुदत ठेवता येते का ते पाहा. ते जमलं नाही तर निदान 'न केल्यास कारणं नोंदवावीत' एवढं तरी घालून घ्या.

## ४. व्याख्या तुम्ही लिहा, दुसऱ्यावर सोडू नका

'सामाजिक उद्योग' कोणाला म्हणायचं, हा वाद कंटाळवाणा वाटतो आणि लोक तो तज्ज्ञांवर सोपवतात. तसं करू नका, कारण सवलत आली की तिच्या मागे दुसरेही येतात.

जर्मनीत २०१७ साली पवनऊर्जेच्या लिलावात नागरिकांच्या ऊर्जासंस्थांना खास सवलती मिळाल्या. त्यातली मोठी सवलत अशी की मंजुरी हाती नसतानाही बोली लावता येत होती. हेतू चांगला होता. झालं असं की मोठ्या विकासकांनी कागदोपत्री अट पूर्ण करणाऱ्या संस्था उभ्या केल्या आणि बहुतांश क्षमता त्यांच्याच पदरात पडली. पुढच्याच वर्षी मंजुरीची ती सवलत काढून घ्यावी लागली. खऱ्या छोट्या गटांची दारं त्यामुळे पुन्हा बंद झाली. सैल व्याख्येची किंमत कोण मोजतं ते यातून स्पष्ट दिसतं.

उलट व्याख्या फार घट्ट झाली तरी अडचण. केवळ अमुक कायद्याखाली नोंदलेल्या संस्थाच पात्र असं लिहिलं की कचरावेचकांचा नोंदणी नसलेला गट, जो हे काम कित्येक वर्षं करत आला आहे, तो बाहेर राहतो. असंघटित कामाकडून संघटित कामाकडे जाण्याबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१५ ची २०४ क्रमांकाची शिफारस आहे. तिचा आधार घेऊन अशा गटांना नोंदणीसाठी मुदत आणि मदत मागता येते.

माझ्या मते चालणारी व्याख्या तीन प्रश्नांवर उभी करावी. नफा आणि मालमत्ता कुठे जाते? ब्रिटनमध्ये २००५ पासून असलेल्या सामुदायिक हित कंपनीच्या प्रकारात मालमत्तेला कुलूप असतं: संस्था बंद झाली तरी मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. निर्णय कोण घेतं? कामगारांना किंवा वस्तीला मताचा हक्क आहे का, हे पोटनियमात दिसायला हवं. आणि पर्यावरणाचं काम हेच मुख्य काम आहे की जोडकाम? तिसऱ्या प्रश्नाची परीक्षा उत्पन्नावरून किंवा कामाच्या तासांवरून करता येते.

दक्षिण कोरियाकडेही पाहण्यासारखं आहे. तिथे २००७ पासून लागू असलेल्या कायद्यानं सामाजिक उद्योगांना प्रमाणपत्र देण्याची आणि मजुरीला आधार देण्याची पद्धत आणली. प्रमाणित संस्थांत रोजगार देणारा प्रकार सर्वाधिक राहिला. आधार ज्या गोष्टीला जोडला जातो तीच गोष्ट वाढते. तुमचं मुख्य काम नद्या, माती किंवा ऊर्जा असेल, तर केवळ डोकी मोजणाऱ्या प्रमाणपत्रानं त्याचं भलं होणार नाही. प्रमाणपत्राच्या निकषांत पर्यावरणाचा स्वतंत्र निकष असावा असा आग्रह धरा.

## ५. आकडे गोळा करा, पण योग्य तेच

कचऱ्याशी संबंधित धोरणं वजनावर चालतात, आणि दुरुस्ती करणाऱ्यांवर इथेच अन्याय होतो. एक जुनं कपाट आणि एक मोबाइल यांच्या वजनाची तुलना होऊ शकत नाही, पण मोबाइलच्या कार्बन उत्सर्जनातला बहुतांश वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो. त्याचं आयुष्य वाढवणं म्हणजे तो वाटा पुन्हा खर्च न होणं. युरोपीय कायद्यातली उतरंड कचरा टाळण्याला पहिलं स्थान देते, पुनर्वापराच्या तयारीला (टाकलेली वस्तू तपासून, दुरुस्त करून पुन्हा वापरण्याजोगी करण्याला) दुसरं आणि पुनर्चक्रीकरणाला तिसरं. पण नागरी कचऱ्याचं २०२५ साठीचं ५५ टक्क्यांचं उद्दिष्ट पुनर्वापराची तयारी आणि पुनर्चक्रीकरण या दोघांचं मिळून आहे. म्हणजे एकही वस्तू दुरुस्त न करता, सगळं दळून ते गाठता येतं. तुमच्याकडेही उद्दिष्ट असं एकत्र बांधलेलं असेल तर ते वेगळं करा, ही स्वतंत्र मागणी होऊ शकते.

त्यासाठी रोजची नोंदवही ठेवा: काय आलं, वजन, नग, स्थिती, आणि शेवटी कुठे गेलं. नगांचा रकाना कधीही सोडू नका. माणसांच्या बाजूला 'इतक्यांना रोजगार' एवढं पुरत नाही. किती जण वर्षभर टिकले, किती तास काम मिळालं, सोडून गेलेले कुठे गेले हे लिहा. केवळ संख्या मागितली गेली की ज्यांना काम देणं सोपं आहे त्यांनाच घेण्याकडे कल होतो. ज्यांच्यासाठी संस्था काढली ते मग मागे पडतात.

आणखी एक आकडा तुमच्या बाजूनं लिहिला तर विश्वास वाढतो: तुम्ही नसतात तरी किती झालं असतं. आलेल्या वस्तूंपैकी काही अशाही विकल्या गेल्या असत्या. तेवढं वजा करून दाखवा. वित्त खात्यातला माणूस ही वजाबाकी मनात करतच असतो.

## ६. फाइलमध्ये काय काय हवं

भेटीला जाण्याआधी हे सगळं एकत्र असू द्या, कारण एखादा कागद राहिला की भेट पुढच्या महिन्यावर जाते:

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पोटनियम. नफा व मालमत्तेबद्दलचं कलम खूण करून
- मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
- या मागणीसाठी संस्थेनं केलेला ठराव आणि बोलण्याचे अधिकार कोणाला दिले त्याचं पत्र
- सध्याचा नियम जसाच्या तसा, क्रमांक आणि तारखेसह
- सुचवलेली दुरुस्ती, त्याच भाषेत, त्याच क्रमांक-पद्धतीत लिहिलेली
- दोन पानांचं टिपण: अडचण, दुरुस्ती, खर्च, कोणाला फायदा, कोणाला तोटा
- नोंदवहीवरून काढलेला वर्षाचा गोषवारा
- असाच नियम दुसरीकडे लागू असेल तर त्याची प्रत, शक्यतो अधिकृत भाषांतरासह
- सोबतच्या संस्थांची पाठिंब्याची पत्रं

'कोणाला तोटा' हा भाग लोक गाळतात. तुम्ही तो लिहिला नाहीत तर तो दुसरं कोणी लिहील, आणि तुमच्या गैरहजेरीत लिहील.

## ७. एकटे जाऊ नका

तीन-चार संस्था पुरेत, पण त्या वेगवेगळ्या कामांतल्या असाव्यात. कामगार संघटना सोबत असेल तर फार फरक पडतो, कारण सामाजिक उद्योगांबद्दल त्यांच्या मनात एक रास्त शंका असते: पक्क्या नोकऱ्या काढून स्वस्त मजूर आणायची ही वाट तर नाही ना? या शंकेला आधीच उत्तर द्या आणि मजुरी किमान वेतनाखाली जाणार नाही ही अट तुमच्याच मसुद्यात घाला. पुण्यातल्या कचरावेचकांचं उदाहरण याच दृष्टीनं पाहा. तिथे १९९३ साली आधी संघटना झाली आणि नंतर, २००८ मध्ये, महापालिकेशी करार करून त्यांची सहकारी संस्था घरोघरच्या संकलनाच्या कामात उतरली. हक्क मागणारी संघटना पाठीशी असल्यामुळे कराराच्या टेबलावर कामगारच बसले.

## ८. कोणाला, कधी भेटायचं

निर्णय सहीनं होतो, पण मजकूर खालच्या टेबलावर तयार होतो. मसुदा लिहिणारा अधिकारी शोधा आणि त्याला तुमचं टिपण बदल करता येईल अशा स्वरूपात द्या. मंत्र्यांची भेट त्यानंतर घ्या. अर्थसंकल्प मांडला गेल्यावर पैशाची मागणी करण्यात अर्थ नसतो. तयारी बरेच महिने आधी सुरू होते, त्या काळात जा. हरकती आणि सूचनांसाठी मसुदा जाहीर झाला की मुदत लहान असते, म्हणून सूचना कलमवार लिहून तयार ठेवा आणि पोचपावती घ्या.

"असं कुठे असतं का?" हा प्रश्न येणारच. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं सामाजिक आणि एकजुटीच्या अर्थव्यवस्थेवर, म्हणजे सहकारी संस्था आणि सामाजिक उद्योगांच्या क्षेत्रावर, ठराव करून तिची व्याख्या दिली. त्याच महिन्यात आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेनं सदस्य देशांना याबद्दल शिफारस केली. एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं शाश्वत विकासासाठी या अर्थव्यवस्थेला चालना देण्याचा ठराव केला. हे टिपणात एका परिच्छेदात लिहा, त्याहून जास्त नको. खालच्या अधिकाऱ्याला जागतिक ठरावापेक्षा शेजारच्या शहराचं परिपत्रक जास्त पटतं.

## ९. 'आधी प्रयोग करून पाहू' म्हटलं तर

हे उत्तर बहुतेकांना मिळतं आणि ते वाईट नाही. धोका एवढाच की प्रयोग वर्षानुवर्षं प्रयोगच राहतो. संस्था तात्पुरत्या मुदतवाढीवर जगते आणि कोणालाही पक्कं कामावर घेऊ शकत नाही. म्हणून होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: प्रयोग संपण्याची तारीख, यश कशावर मोजणार ते आकडे, आणि ते आकडे गाठले तर कुठला आदेश निघेल. मजुरीला मिळणारा आधार ठरावीक महिन्यांचा असेल तर तो एकदम थांबू नये, टप्प्याटप्प्यानं कमी व्हावा असं मागा. नाहीतर शेवटच्या महिन्यात त्याच माणसांना घरी पाठवावं लागतं.

## १०. आदेश निघाल्यानंतर

आदेशाची प्रत मिळवून तीन ठिकाणी पाहा. त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाची वेगळी नोंद) आहे का? नसेल तर पैसे दुसरीकडे वळवले जातात. अंमलबजावणीचे नियम कोण आणि कधीपर्यंत काढणार? कायद्यात मिळालेलं बरंचसं या नियमांत हरवतं, त्यामुळे समितीत तुमची जागा मागा. आणि खरेदी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नवी तरतूद माहीत आहे का? राखीव कंत्राटाची मुभा असूनही ती वापरली जात नाही, कारण निविदा काढणाऱ्याला लेखापरीक्षणात आक्षेप येईल अशी भीती वाटते. त्याला नमुना निविदा, भरलेला तक्ता आणि वरिष्ठांचं स्पष्टीकरणाचं पत्र हाती दिलं तर पहिलं कंत्राट निघतं.

पहिल्या कंत्राटाची कागदपत्रं जपून ठेवा आणि दुसऱ्या शहरातल्या संस्थेनं मागितली तर लगेच द्या. वर्षअखेरीस किती निविदांत नवी अट वापरली गेली, किती रक्कम सामाजिक उद्योगांकडे गेली आणि किती दिवसांत पैसे मिळाले हे तीन आकडे त्या विभागाकडून लेखी मागवा. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीचा मसुदा त्यांवरूनच लिहायचा असतो.